वरवंट्याचा थकवा

पाणी काळं पडायला लागलं तसा मांडवातला गलका थांबला.

पांढऱ्या टबात एका बाईचे पाय होते. घटकाभरापूर्वी त्याच टबात कळशीनं पाणी ओतताना सगळ्यांनी पाहिलं होतं. तळाचा ओरखडासुद्धा दिसेल इतकं ते स्वच्छ होतं. आता बाईच्या टाचांपासून निळसर धागे सुटत होते. ते पसरले, एकमेकांत मिसळले, गडद झाले, आणि बघता बघता टबभर शाई झाली. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं पदर तोंडावर धरला.

"बघा, बघून घ्या!" उंच आसनावरून ऊर्जानाथ महाराज गरजले. "हा थकवा! एक्स-रेत दिसत नाही, रक्तात सापडत नाही. डॉक्टर म्हणतात, काही नाही. काही नाही? मग हा टबात काय, कोरा चहा आहे?"

माणसं हसली. महाराजांनी हात वर केला.

"माणूस म्हणजे बॅटरी. रात्री चार्ज व्हायची, दिवसा उतरायची. पण कुणी चोरून वायर जोडली तर? तुम्ही झोपा, नाहीतर काजू-बदाम खा, बॅटरी उतरणारच! निगेटिव्ह व्हायब्रेशन! ही अंधश्रद्धा नाही, सायन्स आहे!"

'सायन्स' शब्दासरशी मांडवातले दोन-चार पदवीधर जरा जास्तच जोरात माना डोलवू लागले. महाराजांनी वाटीभर काळं पाणी काढून घेतलं, डोळे मिटून ओठ हलवले आणि वाटीत अख्खं लिंबू पिळलं. काळं पाणी फिकट झालं, पिवळट झालं, निवळलं.

"माऊली! माऊली!" मांडव दणाणला.

भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला ही वाडी आहे. नाव सांगत नाही; माणसं अजून तिथंच राहतात आणि आपण कशाला फसलो ते आठवून अजून एकमेकांची नजर चुकवतात. दर मंगळवारी सकाळी वाडीबाहेरच्या पडीक रानात हा मांडव भरायचा. भोरकडून, वेल्ह्याकडून, सारोळ्याच्या हायवेकडून टेम्पो भरभरून माणसं यायची. कंपनीत रात्रपाळ्या करून डोळे खोल गेलेले गडी, पोलीस भरतीत तीनदा आपटलेली पोरं, पहाटे चारला उठून रात्री अकराला पाठ टेकणाऱ्या बाया. ह्या सगळ्यांना आपण का थकलो हे नीट ठाऊक होतं. पण ते कुणी ऐकून घेत नव्हतं. महाराज ऐकून घेत. त्यांचा सगळा धंदा एवढ्या एका गोष्टीवर उभा होता.

टबात पाय घालून बसलेली बाई म्हणजे दिपाली. वाडीतल्या अंगणवाडीची सेविका, वय चौतीस. मुलांना हात धुवायला शिकवणारी, बायकांना 'ताप आला तर भगताकडं जाऊ नका' म्हणून सांगणारी. ती आज स्वतःचे काळे पाणी सोडणारे पाय बघत होती. तिला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षाही मोठं काहीतरी वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. तिला सुटल्यासारखं वाटत होतं. 'बघा,' तिच्या मनात येत होतं, 'मी नाटकं करत नव्हते.'

नाटकं हा शब्द तिच्या नवऱ्याचा.

आठ महिन्यांपासून तिला सकाळी अंथरुणातून उठताना अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखं वाटायचं. रात्री पाठ टेकली की झोप पळायची आणि दुपारी वजनकाट्यासमोर उभ्या उभ्या डोळे मिटायचे. अंगणवाडीतली पोरं, त्यांचा आहार, गरोदर बायांच्या नोंदी, आणि त्या सगळ्याचे फोटो मोबाईलवर. मोबाईलला रेंज फक्त वरच्या पाण्याच्या टाकीपाशी. म्हणून दिवसातनं दोनदा चढण. त्यात दोन वाड्यांचं सर्वेक्षण तिच्या गळ्यात मारलेलं, कारण "तू करतेस गं नीट." घरी दोन म्हशी, गुडघ्यांनी बसलेली सासू रतनबाई, आणि नवरा सोमनाथ शिरवळला कंपनीत, एक आठवडा दिवसपाळी तर एक आठवडा रात्रपाळी. त्याचा डबा कधी पहाटे, कधी रात्री. दिपाली मिठाऐवजी भाजीत साखर टाकू लागली. छातीत उगाच धडधडायचं. एकदा एका तीन वर्षांच्या पोरीवर ती इतकी खेकसली, की पोर कोपऱ्यात जाऊन गप्प बसली. त्या दिवशी दिपालीच घरी येऊन रडली.

शेवटी सोमनाथनं तिला एका खाजगी डॉक्टरकडं नेलं. रक्त, साखर, थायरॉईड, सगळं तपासलं. कागद बघून डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं नाही तुम्हाला." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

"बघ, काई न्हाई म्हनले," परतीच्या वाटेवर सोमनाथ म्हणाला. "उगं नाटकं करतीस."

त्या दिवसापासून दिपालीचा थकवा घरात खोटा ठरला. खरं दुखणं खोटं ठरलेल्या माणसाला गाठायला भोंदूला फार लांब जावं लागत नाही.

टबात पाय घालण्याआधी बायांना पडद्यामागं नेत. तिथं साळूबाई नावाची महाराजांची सेवेकरीण असे. ती गुडघ्यापर्यंत पिवळसर 'शुद्धीचं उटणं' चोळायची आणि चोळता चोळता गप्पा मारायची. मायाळू बाई. दिपालीचे पाय एवढ्या मायेनं कैक वर्षांत कुणी हातात घेतले नव्हते.

"सकाळी उठल्यावर पैलं तोंड कुणाचं बगतीस गं, लेकी?"

"चंद्राबाईचं. वरच्या धनगरवाड्यावरची. सासूबाईंस्नी म्हशीचं सोसत न्हाई, म्हणून गाईचं दूध घालायला येती."

"मालक हाय का तिचा?"

"न्हाई. लई वरसं झाली जाऊन."

"आसं," म्हणून साळूबाईनं उटण्याचा आणखी एक हात फिरवला.

आणि आता मांडवात महाराज काळ्या टबात वाकून बघत होते.

"दिसतंय," ते हळू बोलले. माईक मात्र जवळ धरला होता. "सूर्याच्या आधी दारात येते. वरून खाली उतरते. कपाळ मोकळं आहे. हातात पांढरं काहीतरी... दूध."

महाराजांनी नाव घेतलं नाही. घेतील कशाला? नाव घेतलं की कायदा आडवा येतो. ते पाणी पिऊन गप्प बसले, आणि नाव गर्दीनं घेतलं.

"चंद्राबाई! धनगरवाड्यावरची चंद्री!" मागून कुणीतरी ओरडलं.

'हे मीच सांगितलंय आत,' असं दिपालीला ओरडून सांगायचं होतं. पण तीनशे माणसं तिच्याकडं कीव करून बघत होती, आणि ती कीव आठ महिन्यांनी मिळाली होती. ती गप्प राहिली.

"ह्या लेकराला तीन दिवस कामाला हात लावू द्यायचा नाही," महाराजांनी रतनबाईंना बजावलं. "मोबाईल बंद. नऊच्या ठोक्याला झोप. नाहीतर काढलेला थकवा दुप्पट होऊन येईल!"

जी गोष्ट सुनेनं मागितली असती तर 'म्हाराणी लागून गेलीस' असं उत्तर मिळालं असतं, ती महाराजांनी सांगितल्यावर रतनबाईंनी हात जोडून मान्य केली. दिपाली तीन दिवस झोपली. शेजारणीनं म्हशी पिळल्या. चौथ्या दिवशी तिला खरोखर बरं वाटलं, आणि वाडीत महाराजांचा जयजयकार झाला.

त्याच चार दिवसांत चंद्राबाईचं जगणं मोडलं. साठीला टेकलेली बाई, कासोटा घालून पहाटे डोंगर उतरणारी. पहिल्या दिवशी तीन घरांनी दूध नाकारलं, तिसऱ्या दिवशी अकरा. तिच्या गाईगुरांना पाणवठ्यावर पोरांनी धोंडे मारले. एक बाई तिच्या वाटेवर मिरच्या-मीठ टाकून थुंकली. दिपालीच्या दाराशी ती आली, तेव्हा रतनबाईंनी आतून कडी घातली. दिपाली आतच होती. किटली खाली ठेवल्याचा आवाज तिनं ऐकला. नंतर चंद्राबाईचा आवाज आला.

"दिपाली, पोरी, आत हाईस का? तू तरी सांग ह्यास्नी."

दिपाली दोन पावलं दाराकडं गेली, पैंजण वाजलं तशी जागीच थांबली. थोड्या वेळानं पावलं निघून गेली.

सहाव्या दिवशी ओलं घोंगडं परत अंगावर पडलं.

त्याच आठवड्यात मुलांच्या तपासणीला भोरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर स्वप्नाली शिळीमकर वाडीत आल्या. मुलं तपासून झाली. दिपाली रजिस्टर लिहिता लिहिता एकाच मुलाचं नाव तिसऱ्यांदा लिहीत होती. डॉक्टरांनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"बस. आता तुझी तपासणी."

"माझी झाली की मॅडम. सगळं नॉर्मल हाय. काई झालेलं न्हाई मला."

"कोण म्हणालं काही झालेलं नाही? दाखव कागद." डॉक्टरांनी सगळे कागद मन लावून वाचले, नाडी पाहिली, डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली. "रक्त चांगलं आहे, थायरॉईड चांगलं आहे. ते आधी बघायलाच हवं होतं, बरं झालं बघितलंस. पण रिपोर्ट चांगले म्हणजे तू खोटं बोलतेस असं नाही. झोप किती होते?"

"चार तास. कधी पाच."

"आणि पडलीस तरी डोक्यात काय चालू असतं?"

"फोटो राहिला का, डबा राहिला का, म्हसरं, सर्वेक्षण..." बोलता बोलता दिपालीचे डोळे भरले.

"विहिरीवरची मोटर पाणी असो-नसो रात्रंदिवस चालू ठेवली तर काय होईल? जळेल ना? काळजी लागली की अंग पळायच्या तयारीत राहतं. छाती धडधडते, झोप लागत नाही, लागली तरी भागत नाही. एक-दोन दिवस चालतं. आठ महिने चाललं की अंगच मोडतं. ह्याला ताणाचा थकवा म्हणतात. तो खरा असतो."

'तो खरा असतो.' दिपालीला हे वाक्य परत परत ऐकावंसं वाटलं. मग तिनं टबाची सगळी हकिकत सांगून टाकली.

"पाणी कसं काळं होतं ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण ते थकव्यानं होत नाही, हे लिहून देते. थकव्याला रंग नसतो. बरं, मधे तुला बरं वाटलं म्हणालीस. त्या दिवसांत काय केलंस?"

"झोपले. मोबाईल बंद होता. म्हसरं शेजारणीनं..."

"मग औषध कुठलं लागू पडलं?"

दिपालीची स्वतःची झोप महाराजांनी तिलाच प्रसाद म्हणून वाटली होती, आणि त्या प्रसादासाठी तिनं एका म्हातारीचा बळी दिला होता.

संध्याकाळी रतनबाई देवळातून बातमी घेऊन आल्या. "मंगळवारी चंद्रीला मांडवात नेनार हायत. म्हाराज म्हनले, जिनं वढलं तिनंच ते काळं पानी प्यायचं. मंग उतरंल समद्यांचं."

दिपालीला रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटली तशी ती टाकीच्याही पलीकडं, धनगरवाड्यापर्यंत चढून गेली.

चंद्राबाई अंगणात बसून हिरडा चिरत होती. हिरवा हिरडा लवकर वाळावा म्हणून विळ्यानं दोन फाकी करून सुपात टाकत होती. दिपालीला बघून तिनं मान वर केली नाही.

"आलीस? हडळीच्या दारात? विटाळ व्हील की."

"चंद्रामावशी, मी..."

"मावशी म्हनू नगंस. त्या दिशी आत हुतीस तू. म्या तुझं पैंजन वाजल्यालं ऐकलं."

दिपाली मातीतच बसली. खाली घातलेली तिची नजर चंद्राबाईच्या हातांवर गेली. बोटांची टोकं, नखांच्या कडा, सगळं निळं-काळं. तिनं स्वतःची चप्पल काढून पाऊल पुढं केलं. टाचेच्या भेगांत आणि नखांच्या कोपऱ्यांत तसाच रंग बसला होता. दहा दिवस घासूनही निघाला नव्हता.

"मावशी, तुमची बोटं कशानं काळी झालीत?"

"कशानं म्हंजी? हिरड्यानं. हिरड्याचा रस न् इळ्याचं लोखंड. शाळंत शिकिवलं न्हाई का तुला?" चंद्राबाईनं तिच्या पायाकडं बघितलं, मग विळा बाजूला ठेवून टाच हातात धरून जवळून बघितलं. "हे तर आमच्या बापाचं काम हाय. त्यो घोंगडीचं सूत ह्याच रंगानं काळं करायचा. हिरड्याचं पानी करायचं, न् बाजारातनं हिराकस आनायचा. हिरवट खडं आसत्यात लोखंडाचं. ते पान्यात इरघळलं की दिसत बी न्हाईत. दोन्ही येका जागी आलं की काळंभोर."

"आणि हा रंग घालवायचा असला तर?"

"लिंबू चोळायचं."

दिपालीनं तिला टबाची, उटण्याची आणि वाटीत पिळलेल्या लिंबाची हकिकत सांगितली. खालच्या रानात लाऊडस्पीकरची चाचणी चालू होती. 'माऊली, माऊली' असा घोगरा आवाज डोंगरावर येत होता.

"आगं बया," चंद्राबाई हळूच म्हणाली. मग तिचा चेहरा लाल झाला. "त्या मुडद्यानं माझ्या बापाच्या रंगानं मला हडळ केलं व्हय?"

मंगळवारी मांडव नेहमीच्या दुप्पट भरला. चंद्राबाईला दोघांनी दंडाला धरून पुढं आणलं होतं. तिच्या डोक्यावरचा पदर घसरला होता, पण मान ताठ होती. दिपाली पडद्यामागून उटणं लावून बाहेर आली. हातात कापडी पिशवी होती. टबात पाणी ओतलं गेलं.

"पाय घाल, लेकी," महाराज म्हणाले. "आज शेवटचा निकाल."

दिपालीनं पाय घातले नाहीत. तिनं पिशवीतून घरचा वरवंटा काढला, पोटऱ्यांवरचं उटणं हातानं निपटून वरवंट्याला सगळीकडून फासलं आणि वरवंटा टबात ठेवला.

आधी काहीच झालं नाही. मग वरवंट्याच्या अंगावरून निळसर धागे सुटले. पसरले. गडद झाले.

पुढच्या रांगेतली माणसं उठून टबात डोकावायला लागली.

"माऊली," दिपाली मोठ्यानं बोलली, "ह्या दगडाला कुणी वायर जोडलीय?"

"रोज मिरच्या वाटतंय, थकलं आसंल!" मागून कुणीतरी बोललं, आणि चार-सहा जण फसकन हसले.

महाराज आसनावर उभे राहिले. "हिच्या अंगातून ती बोलतेय! त्या बाईनं हिचा पुरता ताबा घेतलाय! धरा हिला!"

तीन-चार गडी उठले. "द्येवाची चेष्टा करतीस व्हय गं?" एकानं दिपालीचा हात धरला. तेवढ्यात रात्रपाळी करून थेट आलेला सोमनाथ गर्दीतून घुसला. आदल्या दिवशी दिपालीनं त्याला सगळं सांगितलं होतं. तो हो की नाही काहीच बोलला नव्हता. त्यानं त्या गड्याचा हात झटकला, बूट-मोजे काढले आणि शेजारच्या, नुकत्याच भरलेल्या टबात दोन्ही पाय घातले.

"म्या तीन दिस धड झोपलो न्हाई," तो म्हणाला. "माज्याइतका थकल्याला मानूस हितं दुसरा नसंल. उटनं लावल्यालं न्हाई. बगा आता."

सगळे बघत राहिले. पाणी जसंच्या तसं. तळाचा ओरखडा स्वच्छ दिसत होता.

अखेरचा घाव घातला तो रतनबाईंनी. त्या गुडघे धरत पुढं आल्या, दिपालीच्या हाताला राहिलेलं उटणं त्यांनी बोटावर घेतलं आणि सरळ जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं.

"आगं, ह्यो तर हिरडा हाय! म्या रोज रातच्याला खाते, पोट साफ व्हायला!"

सगळा मांडव खदखदून हसला. भोंदूला शिव्या पचतात, पोलीसही पचतात. हसणं पचत नाही. महाराजांच्या चेहऱ्यावरचं तेज टबातल्या पाण्यापेक्षा लवकर बदललं.

डॉक्टर शिळीमकर मागं उभ्याच होत्या, दोन पोलिसांसह; दिपालीनं त्यांना सोमवारीच सगळं कळवलं होतं. पडदा बाजूला केला. आत कळशीच्या पाण्यात आधीच विरघळवायच्या हिराकसाच्या हिरवट खड्यांची पिशवी होती, लिंबांची पाटी होती आणि उटण्याचे दोन डबे. एकात हिरड्याची पूड, दुसऱ्यात नुसतं बेसन. पाचव्या बैठकीला बेसन लावायचं, म्हणजे पाणी काळं होत नाही आणि 'थकवा संपला' म्हणता येतं. साळूबाई कोपऱ्यात बसून रडत होती. गप्पांत कळलेलं नाव-गाव ती कागदाच्या चिठ्ठीवर लिहून आसनाकडं पाठवायची, हे तिनंच सांगितलं.

डॉक्टरांनी काळ्या टबाकडं बोट केलं. "हे पाणी तुम्ही ह्या आजींना पाजणार होतात. हिराकस पोटात गेला तर आतडी भाजतात, रक्ताच्या उलट्या होतात. साठीची बाई जाऊसुद्धा शकते. मग काय म्हणाला असता? करणी उलटली?"

चंद्राबाईचे दंड धरलेल्या दोघांनी हात सोडले. सोडताना ते तिच्याकडं बघू शकले नाहीत.

"मी फक्त आयुर्वेदिक..." महाराज पुटपुटत होते. पोलिसांनी त्यांना जीपकडं नेलं. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे, तो कागदावर नुसता पडून राहत नाही, हे त्या दिवशी वाडीनं पाहिलं.

माणसं पांगायला लागली तेव्हा दिपाली माईकपाशी गेली. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. "चंद्रामावशीचं नाव महाराजाला दिसलं नव्हतं. मी सांगितलं होतं आत, उटणं लावताना. नंतर कळत असूनही मी गप्प बसले. तुम्ही धोंडे मारलेत, दूध नाकारलंत, पण सुरुवात माझी आहे."

चंद्राबाईनं पदर डोक्यावर घेतला. "बोललीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पर माफी मागू नगंस. माफीनं माज्या गाईचा फुटल्याला डोळा येत न्हाई." आणि ती वर निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून वाडीतली घरं दुधासाठी तिच्याकडं निरोप पाठवू लागली. ती पंधरा दिवस उतरली नाही. वाडीला ते भोगणं भाग होतं.

दिपालीचा थकवा त्या मंगळवारी गेला नाही. गोष्टीत असं लिहिता आलं असतं, पण ते ऊर्जानाथासारखंच झालं असतं. तो हळूहळू, मागं-पुढं करत कमी झाला. आधी तिनं दोन वाड्यांचं सर्वेक्षण आपल्याच्यानं होणार नाही असं लेखी कळवलं. वरिष्ठ रागावल्या, "सगळ्यांनाच काम असतं" म्हणाल्या, पण एक वाडी दुसऱ्या सेविकेला दिली. सोमनाथ दिवसपाळीला संध्याकाळचा स्वयंपाक करू लागला. पहिल्या आठवड्यात भाकरी नकाशासारखी झाली; रतनबाई बोलल्या, मग त्यांनी गुमान खाल्ली. एक म्हैस विकली. दुपारनंतर चहा बंद झाला, रात्री आठनंतर मोबाईल कपाटात गेला. झोपायची आणि उठायची वेळ ठरली. झोप येईना तेव्हा दिपाली पडल्या पडल्या श्वास सावकाश सोडत राहायची, डॉक्टरांनी शिकवला तसा. दर पंधरा दिवसांनी ती भोरला जाऊन त्यांच्याशी बोलून यायची. पहिल्या दोन खेपा तर नुसती रडली. मधे एकदा पुन्हा आठवडाभर अंग मोडून पडली. तेव्हा घरात कुणी 'नाटकं' म्हटलं नाही. पाचव्या महिन्यात एका सकाळी तिला जाग आली आणि अंग हलकं होतं. ती बराच वेळ तशीच पडून राहिली, हे टिकेल का ह्याची भीती वाटून. टिकलं. रोज नाही, पण बहुतेक दिवस.

वाचणाऱ्यांनो, मांडव अजून पुष्कळ आहेत. कुठं टब आहे, कुठं मशीन आहे, कुठं मोबाईलवर दिसणारा गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस आहे. चमत्कार दिसला तर आधी एवढंच विचारा, की हाच प्रयोग दगडावर केला तर काय होईल. आणि अंग खूप दिवस मोडत असेल तर दवाखान्यात जाऊन रक्त तपासा. कागद चांगले निघाले तर झोप तपासा, कामं तपासा, काळजी तपासा. घरातली बाई, शेजारचा गडी, कामावरची पोरगी 'मला थकवा आलाय' म्हणाली, तर ती खोटं बोलते असं धरून चालू नका. तिच्यावर कुणाची नजर पडली हे शोधू नका. तिच्यावर कुणी कुणी काम टाकलं ते शोधा, आणि त्यातलं थोडं आपण उचला.